विशेष आक्षेप नाही

१२ ऑक्टोबर

कोणीही बोलले नाही.

असे पूर्वी कधी घडले नव्हते. मतसंकलनाच्या सभांचे इतिवृत्त लिहिणे हाच माझा व्यवसाय. लोक चिडतात, रडतात, विषय सोडून बर्फ उपसणाऱ्या गाडीबद्दल तक्रार करतात — ते सर्व मी लिहितो. आज लिहिण्यासारखे काही नव्हते. क्योतोहून विमान, रेल्वे आणि भाड्याची मोटार असा प्रवास करून होक्काइदोतील या नदीकाठच्या गावी आलो. समाजभवनाच्या दारात बूट काढले, सपाता घातल्या. समितीच्या अध्यक्षांनी — प्राध्यापक, अत्यंत सौजन्यशील गृहस्थ — येथील मूळनिवासी आयनू लोकांविषयीच्या संशोधनासाठी आखलेल्या नीतिनियमांचा मसुदा कलमवार समजावून दिला. प्रारंभी क्षमायाचना: पूर्वीच्या संशोधकांनी विचारल्याशिवाय हाडे नेली, रक्त नेले, याबद्दल. मग यापुढे संमती कशी घ्यावी ते. मग कलम नऊ — विद्यापीठांकडे पूर्वीपासून असलेले रक्ताचे नमुने, ज्या गावाने आक्षेप घेतला नसेल त्या गावाचे, वापरता येतील. आक्षेप घेतल्यास परत करावे लागतील.

"आपली मते मोकळेपणाने सांगावीत," असे अध्यक्ष म्हणाले.

एकानेही मान वर केली नाही. पहिल्या रांगेत एक वृद्ध बाई दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून खिडकीबाहेर पाहत बसली होती. अध्यक्षांनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच. चहा दिला, तोही कोणी घेतला नाही! शेवटी अध्यक्षांनी वाकून आभार मानले. लोक उठले आणि निघून गेले.

जाताना त्या बाईने माझ्या छातीवरची, जपानी लिपीत 'सबनीस' लिहिलेली नावाची पट्टी वाचली. "सा-बु-नि-सु. कुठलं हे?"

"भारतातलं."

"बरेच लांबून आलात," ती म्हणाली, "ऐकायला." आणि सपाता जागेवर ठेवून गेली.

१४ ऑक्टोबर

क्योतो. इतिवृत्त पूर्ण केले. शेवटचे वाक्य: 'मसुद्याबाबत उपस्थितांकडून विशेष आक्षेप नोंदविण्यात आला नाही.' आमच्या कार्यालयाची ही रूढ शब्दरचना आहे. खोटे एक अक्षर नाही. मौनं सम्मतिलक्षणम् — आमच्या घरी वडील हे वचन उठता बसता म्हणत. येथेही निराळे काही नाही; कोणी हरकत घेतली नाही की ठराव संमत.

उपस्थितांकडे पडताळणीसाठी प्रती रवाना केल्या. सोबत नेहमीची ओळ: 'मुदतीत उत्तर न आल्यास मजकूर मान्य आहे असे समजण्यात येईल.' ही ओळ दहा वर्षांपूर्वी मीच तयार केली होती. ओकुदा-सान — आमचे विभागप्रमुख — यांना ती इतकी आवडली की ती आता सर्व इतिवृत्तांना जोडली जाते.

१६ ऑक्टोबर

यामिनी, माझी पत्नी, आजकाल गप्प असते. ती येथल्या एका प्रयोगशाळेत कंत्राटी संशोधक आहे, कंत्राट मार्चपर्यंत. पुढची तीन वर्षे मिळतील ती जुन्या रक्तनमुन्यांवरील कामाकरिता, आणि ते नमुने कलम नऊमध्ये येतात. हा संबंध मी कार्यालयास आरंभीच लेखी कळविला होता. 'हरकत नाही' असे उत्तर आले. त्यानंतर घरात एक नियम घालून घेतला: माझ्या कामाचा आणि तिच्या कामाचा विषय जेवणाच्या मेजावर यायचा नाही. तिने मान हलविली. नियम आजवर कसोशीने पाळला आहे.

आज जेवताना एवढेच म्हणाली, "मार्चनंतरचं बघू काय ते." आणि ताट उचलून घेऊन गेली.

एक्कावन्न वर्षांच्या बाईला येथे दुसरे कंत्राट कोण देणार!

२९ ऑक्टोबर

मुदत संपली. त्या गावातून एकही उत्तर नाही. इतिवृत्त पक्के झाले.

१० नोव्हेंबर

आज क्योतोतील खुली सभा. आणि ती बाई आली! एकटी, पाठीवर छोटी पिशवी. नाव सावाई किनु. लोकांनी विचारायचे प्रश्न विचारून झाले, तेव्हा ती उठली.

"आमचं गाव नाही म्हणतं."

अध्यक्ष तिच्यापेक्षाही खाली वाकले. "फार मोलाचं मत. आपलं वैयक्तिक मत म्हणून आम्ही आदराने नोंदवून घेऊ. गावाचं मत मात्र त्या गावच्या सभेच्या इतिवृत्तात आलेलंच आहे."

बाकी कोणीच माझ्याकडे पाहिले नाही. ती एकटीच माझ्याकडे पाहत होती.

सभा सुटल्यावर व्हरांड्यात तिने मला गाठले.

"लिहिणारे तुम्हीच ना? वाचलं मी. 'विशेष आक्षेप नाही.' ही 'विशेष' काय भानगड आहे? साधासुधा आक्षेप होता असं तुम्हाला वाटलं होतं का?"

मी म्हणालो की तशी पद्धत आहे, कोणी काही बोलले नाही म्हणून. आणि प्रत पाठविली होती, उत्तर आले नाही.

"उत्तर कशाला देऊ? ऐका, साबुनिसु-सान. पहिल्यांदा विद्यापीठाची माणसं आली तेव्हा आम्ही नाही म्हणालो. छापून काय आलं? 'विरोधी मते ऐकून घेण्यात आली.' दुसऱ्यांदा आली, पुन्हा नाही म्हणालो. छापून आलं, 'गावाशी वारंवार सखोल चर्चा झाली.' म्हणजे आमचं 'नाही'सुद्धा त्यांच्याच कामाला येतं! मग गावानं बसून ठरवलं — या खेपेला काहीच द्यायचं नाही. रक्त नेलंत, तोंडातला शब्द तरी नको. चहासुद्धा घ्यायचा नाही." ती थांबली. "आणि तुम्ही न दिलेलंही घेतलंत."

काय हवे आहे, असे विचारले. एखाद्या कारकुनाने विचारावे तसे!

"माझा दादा. शाळेत होता. डॉक्टर आले, हात पुढे करा म्हणाले, सगळ्या पोरांनी केले. कोणी विचारलं नाही, कोणी बोललं नाही. दादा तरुणपणीच गेला. तो आमच्याकडच्या मातीत आहे आणि त्याचं रक्त तुमच्या शहरात बर्फात. ते मला न्यायचंय, त्याच्याजवळ ठेवायचंय. वापरलं की संपतं म्हणे ते. संपायच्या आत न्यायचंय. दुसरं काही नको मला. माफी तर नकोच, माफी छापून देतात ते."

क्योतोत ज्या प्रयोगशाळेत त्या गावाचे नमुने आहेत, तेथे माझी पत्नी काम करते. हे मी तिला सांगितले नाही. तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो. रांगेत आमच्या पुढे दोन विद्यार्थी कुठल्या दुकानाचे रामेन चांगले यावर वाद घालत होते. किनु-सान त्यांना म्हणाली, "भांडू नका, दोन्हीकडे जा." ती पोरे हसली. तीही हसली. मला वाटले, हिला हसताना पाहिले नसते तर बरे झाले असते.

११ नोव्हेंबर

इतिवृत्त पुन्हा वाचले. एकही चूक नाही. हेच भयंकर आहे.

१३ नोव्हेंबर

ओकुदा-सान यांच्याशी बोललो. दुरुस्ती हवी आहे, म्हणालो.

त्यांनी दातांतून श्वास आत ओढला — येथे याचा अर्थ 'कठीण आहे'. "सबनीस-सान, तुमच्या इतिवृत्तात दुरुस्ती? अहो, नव्या मुलांना आम्ही तुमची इतिवृत्तं आदर्श म्हणून वाचायला देतो." मग हलक्या आवाजात: "मजकूर पक्का झाला आहे. कोणी हरकत घेतली नाही."

"ती हरकतच होती."

"असेल. पण तसं लिहिलेलं नाही." मग त्यांनी मार्ग सांगितला. चौदा डिसेंबरच्या अंतिम बैठकीत अध्यक्ष विचारतील — इतिवृत्तांबाबत कोणाचे काही म्हणणे आहे का? त्या वेळी लेखनिकाने स्वतः उठून सांगितले की 'मी लिहिलेले निष्कर्षवाक्य चुकीचे आहे', तर त्या गावाची सभा रद्द धरावी लागेल आणि गावाचा आक्षेप मान्य होईल. दुसऱ्या कोणाच्या म्हणण्याने होणार नाही.

"मी तुम्हाला अडवणार नाही," ते म्हणाले. "पण मग नमुने परत जातील. तुमच्या पत्नीची प्रयोगशाळा... म्हणजे, तुम्ही विचार केलाच असेल."

केला नव्हता असे नाही.

१७ नोव्हेंबर

सुप्रभाताईचा पुण्याहून फोन. गुडघ्यांचे पुराण झाल्यावर मी तिला विचारले — का विचारले कोण जाणे — "ताई, तुला पाहायला आले होते तेव्हा तू होकार दिला होतास ना?"

"नंदू, बरा आहेस ना? साठी ओलांडली मी!"

"सांग ना."

"होकार कसला? पोह्यांच्या बशा घेऊन आले, मान खाली घालून बसले. ते लोक गेल्यावर बाबांनी विचारलं, मी गप्प. बाबा लगेच, 'मौनं सम्मतिलक्षणम्! पेढे आणा!' पेढे आणायला तूच तर धावला होतास."

"पण मग 'नाही' म्हणायचं होतंस!"

"म्हटलं होतं की. आधीच्या स्थळाला. तेव्हा म्हणाले, 'लाजतेय.'" आणि ती हसत सुटली. "आता काय त्याचं? तुझे भावोजी बरे निघाले. घोरतात तेवढंच. पण बरे निघाले म्हणजे मला विचारलं होतं असं नाही होत हं."

फोन ठेवल्यावर कचरा वेगळा करीत बसलो. जाळायचा, न जाळायचा, प्लॅस्टिक, काच. प्रत्येक वस्तूला जागा आहे. बाई 'नाही' म्हणाली तर लाजते. गप्प बसली तर कबूल. तिने करावे तरी काय? मला हा प्रश्न पुण्यात चाळीस वर्षे पडला नाही, आणि येथे येऊन तीच चूक मी उत्तम जपानी भाषेत केली.

२४ नोव्हेंबर

सार्वजनिक मतांचे वर्गीकरण पूर्ण. 'समाविष्ट करण्यात आले', 'मसुद्यात आधीच अंतर्भूत', 'संदर्भार्थ', 'कक्षेबाहेर'. समान आशयाची मते एकत्र करून एकच उत्तर. किनु-सानचे वैयक्तिक मत 'संदर्भार्थ'मध्ये गेले. उत्तर: 'आपल्या मौलिक मताबद्दल आभारी आहोत.' हे वाक्य मी लिहिले. दुसरे कोणते लिहिणार होतो?

१ डिसेंबर

यामिनी प्रयोगशाळेतून लवकर परतते. खिडकीशी बसते. विचारले, "बरं वाटत नाही का?" म्हणाली, "बरी आहे." चहा ठेवू का म्हटले, तर म्हणाली, "ठेवा ना." आणि मग त्या कपाकडे पाहिलेही नाही.

अठरा वर्षांपूर्वी तिला येथे जागा मिळाली म्हणून मी पुण्यातील नोकरी सोडून तिच्यामागे आलो. लोक हसले — "जावईबापू जपानला निघाले!" ते मला कधी लागले नाही. परंतु तिला लागले. तेव्हापासून ती एकदाही थकले असे म्हणालेली नाही. तिच्या आयुष्यातले मोठे काम आता कुठे हाती येत आहे. ते मी उठून, एका वाक्याने, बुडवायचे? तिने मागितले नाही. ती कधीच मागणार नाही. पण मला दिसते ना!

एका बाजूला मेलेल्या मुलाचे थोडेसे रक्त. दुसऱ्या बाजूला जिवंत माणसाची तीन वर्षे. असे मांडले की उत्तर सोपे वाटते. असे मांडणारा माणूस मी आहे, याची शिसारी येते.

८ डिसेंबर

किनु-सानचा फोन. कार्यालयात, सर्वांसमोर.

"लिहिलंत का?"

"प्रयत्न चालू आहे."

"बरं. तुमच्याकडे प्रयत्न कुठल्या रकान्यात जातात? संदर्भार्थ?"

तिने थोडी वाट पाहिली. मग एकदम मऊ आवाजात म्हणाली, "इकडे नदी गोठायला लागलीय. माती खणायची तर आता वसंतातच. घाई नाही, साबुनिसु-सान. पण वसंतात खणायचं धरून चालू का मी?"

"हो," म्हणालो.

हो म्हणालो! मी! ज्याने आयुष्यात न पडताळलेला शब्द उच्चारला नाही!

१३ डिसेंबर

बोलायचे वाक्य तयार केले. 'त्या गावच्या सभेचे माझे निष्कर्षवाक्य चुकीचे असून, उपस्थितांचे मौन हा त्यांनी ठरवून दिलेला नकार होता.' तीनदा मोठ्याने म्हटले. क्रियापदे ठीक आहेत.

यामिनी आतल्या खोलीत होती. ऐकले असेल. बाहेर आली नाही. काही बोलली नाही.

तिचे न बोलणे मला समजले.

१४ डिसेंबर

लांब मेज, पाण्याच्या बाटल्या, प्रत्येकासमोर नावाची पाटी. अध्यक्षांनी विचारले, "इतिवृत्तांबाबत कोणाचे काही म्हणणे?"

वाक्य जिभेवर होते. बाटलीवरचा मजकूर वाचला. पाणी कुठल्या डोंगरातले, ते वाचले. अध्यक्ष नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले असे मला वाटले. ओकुदा-सान माझ्याकडे न पाहता बसले होते. मग कोणीतरी म्हणाले, "आक्षेप नाही." आणि सर्वांनी, एका सुरात.

मी त्यांच्यात आवाज मिसळला नाही. त्याने काय फरक पडतो? कोणी बोलले नाही तर काय लिहायचे, हे या देशात माझ्यापेक्षा अधिक कोणाला ठाऊक आहे? आजचे इतिवृत्तही मलाच लिहायचे आहे.

१५ डिसेंबर

लिहिले.

२२ डिसेंबर

किनु-सानचे दोन फोन आले. मी जागेवर नाही असे सांगावयास लावले. मी जागेवर होतो.

३ जानेवारी

नववर्षाच्या सुट्टीत देवळांत गर्दी. यामिनी म्हणाली, जाऊ या. गेलो. तिने हात जोडले, मी जोडले नाहीत. काय मागू? तिची तीन वर्षे तर मी आधीच घेऊन ठेवली आहेत, कोणाची तरी वस्तू उचलून आणावी तशी. ती माझ्या बाजूला उभी होती आणि मला तिच्याकडे पाहवत नव्हते. तिला हे कधी कळू नये. तिच्याकरिता केले, एवढे एक माझ्यापाशी उरले आहे. ते धरून जगता येते का, ते पाहायचे.

१९ जानेवारी

यामिनी मुळा किसत होती. मी घरचा नियम प्रथमच मोडला. म्हणालो, मार्चची काळजी सोड, कलम नऊ संमत झाले. तुझे नमुने राहिले, तुझे काम राहिले.

तिने किसणी खाली ठेवली. "कुठलं काम? त्या रक्ताला मी हात लावणार नाही असं ऑक्टोबरातच लेखी दिलंय मी. म्हणून तर मार्चला संपतंय."

"मला सांगितलं नाहीस."

"अहो, तुम्ही विचारलंत कधी? आणि तुमच्या हातात तो निर्णय होता. माझ्यामुळे तुमच्यावर दडपण नको म्हणून तोंड मिटून बसले."

नमुने दुसऱ्या विद्यापीठाने मागितले आहेत. शुक्रवारी जातात. गावाची हरकत नसल्याचा पुरावा म्हणून माझे इतिवृत्त जोडले आहे.

"वाचलं मी ते," यामिनी म्हणाली. "फार नेटकं लिहिलंय."